पडद्यामागची नावं : कार्ल फोरमनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी 'मॅकेनाज गोल्ड'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच माणसाकडे वळली आहेत, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देते.

प्रश्न (सोलापूर) : ताई, नमस्कार. आमच्या वडिलांच्या पिढीत 'मॅकेनाज गोल्ड' पाहिला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. परवा तो पुन्हा पाहिला. टायटल्समध्ये लेखक कार्ल फोरमन आणि निर्मात्यांतही कार्ल फोरमन. 'गन्स ऑफ नॅव्हरोन'लाही तेच. मग कुठेतरी वाचलं की 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'सुद्धा त्यानेच लिहिला. पण आमच्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये त्याचं नाव नाही, फक्त मूळ कादंबरीकाराचं आहे. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : प्रकरण मोठं आहे आणि तुमची कॅसेट खरं तेच दाखवते. पहिली जवळजवळ तीस वर्षं त्या चित्रपटावर फोरमनचं नाव नव्हतंच.

फोरमन १९१४ साली शिकागोत एका कामकरी ज्यू कुटुंबात जन्मला. हॉलिवूडमध्ये सुरुवात अगदी तळातून झाली. मोनोग्राम नावाची स्वस्तात चित्रपट काढणारी कंपनी होती, तिच्यासाठी तो गल्लीतल्या पोरांचे विनोदी चित्रपट लिहायचा. युद्धात लष्कराच्या चित्रपट विभागात काम केलं. युद्धानंतर निर्माता स्टॅन्ली क्रेमरसोबत छोटी कंपनी उभी केली. पैसा बेताचा, नट बहुतेक नवे, मग उरतं काय? पटकथा. त्या जोरावर तीन चित्रपट लागोपाठ आले. 'चॅम्पियन'मध्ये कर्क डग्लस, 'होम ऑफ द ब्रेव्ह'मध्ये सैन्यातल्या काळ्या सैनिकाला मिळणारी वागणूक, आणि १९५० चा 'द मेन', ज्यात मार्लन ब्रँडो पहिल्यांदा पडद्यावर आला. कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांची ती गोष्ट. त्यात खरेखुरे जायबंदी सैनिकही होते.

मग 'हाय नून'. गावचा मार्शल विल केन. त्याचं लग्न झालंय, त्याच दिवशी तो नोकरी सोडून निघालाय आणि बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला गुंड फ्रँक मिलर बाराच्या गाडीने परत येतोय. केन मदत मागत गावभर फिरतो. एकही माणूस उभा राहत नाही.

हे लिहिलं जात असतानाच फोरमनला समन्स आलं. अमेरिकन काँग्रेसची एक चौकशी समिती हॉलिवूडमधले कम्युनिस्ट हुडकत होती. फोरमन पूर्वी पक्षाचा सभासद होता, नंतर बाहेर पडला होता. २४ सप्टेंबर १९५१ ला त्याची साक्ष झाली, तेव्हा 'हाय नून'चं चित्रीकरण चालू होतं. इतरांची नावं सांगायला त्याने नकार दिला. भागीदारी तुटली, हिस्सा देऊन त्याला मोकळं केलं गेलं, आणि चित्रपटावरचं निर्मितीचं श्रेय गेलं. लेखक म्हणून नाव तेवढं राहिलं. फोरमनने पुढे सांगितलं आहे की त्या दिवसांत मित्र जे जे बोलून अंग काढून घेत होते, तेच त्याने गावकऱ्यांच्या तोंडी घातलं.

केनचं काम करणाऱ्या गॅरी कूपरबद्दल इथे लिहायलाच हवं. कूपर राजकीयदृष्ट्या उजवा, समितीपुढे 'मित्र साक्षीदार', म्हणजे तिला सहकार्य करणारा, म्हणून जाऊन आलेला. तरी तो फोरमनच्या बाजूने बोलला आणि त्याच्या नव्या कंपनीत पैसे घालायलाही तयार झाला. चहूकडून दबाव आल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. फोरमनने त्याबद्दल कधी आकस धरला नाही. मोठ्यांपैकी मदतीला आला तो हाच एक, असंच तो सांगत राहिला.

१९५२ मध्ये फोरमन लंडनला गेला. तिकडे असताना अमेरिकेने पासपोर्ट काढून घेतला. पिएर बूल या फ्रेंच लेखकाची क्वाय नदीवरच्या पुलाची कादंबरी त्याच्या हाती लागली, त्याने तिचे हक्क मिळवले, ते पुढे निर्माता सॅम स्पीगलकडे गेले. पहिली पटकथा फोरमनने लिहिली. दिग्दर्शक डेव्हिड लीनचं आणि त्याचं पटलं नाही. मग मायकेल विल्सन आला. तोही काळ्या यादीतलाच, म्हणजे समितीपुढे न नमल्यामुळे हॉलिवूडने काम बंद केलेल्यांपैकी. त्याने पटकथा पुन्हा बांधली. कोणाचं किती, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. लीनला तर फोरमनचा मसुदा अजिबात आवडला नव्हता. माझ्या वाचनाप्रमाणे पडद्यावर दिसतो त्यात विल्सनचा वाटा मोठा आहे. पण ही कादंबरी चित्रपटाची आहे हे ओळखणारा फोरमनच.

काळ्या यादीतल्या कोणाचंच नाव छापायचं नव्हतं, म्हणून श्रेय गेलं बूलला. १९५८ च्या समारंभात सात ऑस्कर मिळाले, त्यातलं पटकथेचंही बूलच्या नावावर. ही पटकथा त्याने लिहिलेलीच नव्हती. विल्सन १९७८ मध्ये गेला, फोरमन जून १९८४ मध्ये. त्यानंतर अकादमीने चूक सुधारली आणि १९८५ मध्ये दोघांच्या पत्नींच्या हाती ते ऑस्कर दिलं. नव्या प्रतींवर आता दोन्ही नावं असतात. कॅसेट टाकून देऊ नका. काळी यादी म्हणजे काय ते तिच्यावर छापलेलं आहे.

प्रश्न (नागपूर) : मी वकील आहे. तुमच्या मागच्या अंकातल्या ओळी वाचून शंका आली. समितीकडे नावं आधीच होती असं म्हणतात. मग 'मी होतो, पण दुसऱ्यांबद्दल बोलणार नाही' एवढं सांगून फोरमनला मोकळं होता आलं नसतं का?

उत्तर : नसतं, आणि वकील म्हणून त्याचं कारण तुम्हाला लगेच पटेल. तिथल्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार स्वतःला अडकवणारं उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. पण स्वतःबद्दल एकदा तोंड उघडलं की तो हक्क सोडल्यासारखं धरलं जाई, आणि पुढचा प्रश्न येई, 'बैठकीला आणखी कोण होतं?' तिथे गप्प बसलात की सभागृहाचा अवमान. १९४७ मध्ये हॉलिवूडमधल्या दहा जणांनी पाचवी न वापरता भाषणस्वातंत्र्याचा आधार घेतला, ते तुरुंगात गेले. म्हणजे वाटा दोनच. सगळं सांगा, नाहीतर काहीच सांगू नका. आणि पाचवीचा आसरा घेतला की काम बंद.

फोरमनने मधली वाट काढली. आज मी सभासद नाही, हे त्याने शपथेवर सांगितलं. पूर्वी होतो का, यावर मात्र पाचवी पुढे केली. हॉलिवूडमध्ये याला 'अर्धी पाचवी' म्हणत. समितीचं समाधान झालं नाही, आणि काम जायचं ते गेलंच.

नावं आधीच माहीत होती हे खरं आहे. माझ्या मते कळीचा मुद्दा तोच आहे. समितीला माहिती नको होती. माणसाने आपल्याच ओळखीच्यांकडे बोट दाखवलं पाहिजे, हे हवं होतं. तशी साक्ष दिली की तो माणूस स्वच्छ ठरत असे.

१९५६ मध्ये त्याला पासपोर्ट परत मिळाला. त्याच वर्षी तो समितीपुढे बंद दाराआड पुन्हा गेला आणि स्वतःबद्दल सांगितलं. या वेळी इतरांची नावं मागितली गेली नाहीत. ही सवलत त्यालाच का, म्हणून समितीच्या अध्यक्षावर तेव्हा बरीच टीका झाली, आणि काळ्या यादीतल्या काहींनी फोरमनकडेही संशयाने पाहिलं. त्यांचा संशय मला समजतो, कारण त्यांच्या घरी अजून चूल पेटत नव्हती. पण १९५१ मध्ये काम जाणार हे ठाऊक असून जे त्याने केलं, ते पुढच्या कुठल्याही सवलतीने पुसलं जात नाही.

प्रश्न (मडगाव) : 'गन्स ऑफ नॅव्हरोन'ची कादंबरी मला पाठ आहे. चित्रपटात ग्रीक साथीदारांपैकी दोन बायका केल्या आणि फितूर माणूसही बदलला. ही तडजोड निव्वळ तिकीटबारीसाठी वाटते. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : बायका पडद्यावर हव्यात हा बाजाराचा हिशेब असणार, ते नाकारत नाही. पण फितुराच्या बदलाबद्दल माझं मत अगदी उलट आहे. फोरमनच्या सगळ्या लेखनात मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रसंग तोच.

कादंबरीत फितूर आहे तो पानायिस, जर्मन तोफा उडवायला निघालेल्या तुकडीचा ग्रीक साथीदार. तो शत्रूचाच माणूस, स्वखुशीने मिळालेला. तो सापडतो, संपतो, वाचकाला पुढे जायला काही अडचण येत नाही. फोरमनने त्याच्या जागी ॲना आणली. जर्मनांनी हालहाल केले, पाठीवर चाबकाचे वळ आहेत आणि तेव्हापासून वाचा गेली, अशी तिची ओळख करून दिली जाते. सगळे तिला जपतात. मग तुकडीतला मिलर, म्हणजे डेव्हिड निव्हन, तिचा कपडा पाठीवरून फाडतो. पाठ गुळगुळीत, एकही वळ नाही. आणि ॲना बोलू लागते. छळाची नुसती धमकी दिली होती आणि ती तेवढ्यानेच मोडली होती. वेदना सहन झाल्या नसत्या, एवढंच तिचं म्हणणं.

आता हे कोण लिहितोय ते बघा. ज्याच्या मित्रांनी साक्षी दिल्या, ज्याने स्वतः दिली नाही, तो फितुराबद्दल लिहितोय. चार शब्दांत तिला राक्षसीण करणं सोपं होतं. त्याने तिला घाबरलेली मुलगी केलं. तिच्यामुळे माणसं मेली आहेत, तिला सोडलं तर आणखी मरतील, हेही झाकलं नाही. मिलर हट्टाने म्हणतो की तिला मारण्याचा निर्णय मॅलरीने, म्हणजे प्रमुखानेच घ्यावा. मॅलरी झालेला ग्रेगरी पेक पिस्तूल उचलतो. गोळी झाडते ती मारिया, तिची इतक्या दिवसांची सोबतीण. तो आवाज झाल्यावर खोलीतला एकही माणूस दुसऱ्याकडे सरळ बघत नाही. कादंबरीतल्या शेवटापेक्षा हा शेवट मनात जास्त वेळ राहतो, निदान माझ्या.

तुम्ही गोव्याचे, समुद्र आणि कडे तुम्हाला नवे नाहीत. चित्रीकरण बरंचसं ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर झालं, नॅव्हरोन नावाचं बेट मात्र नकाशावर नाही. या चित्रपटाला सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एक, विशेष दृश्यांसाठी. आणि तो पाहून चर्चिल इतके खूश झाले की आपल्या तरुणपणीच्या आठवणींवर चित्रपट करण्याची गोष्ट त्यांनीच फोरमनजवळ काढली. त्यातून पुढे १९७२ मध्ये 'यंग विन्स्टन' आला. त्याचा दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरो, ज्याने दहा वर्षांनी 'गांधी' केला.

प्रश्न (कोल्हापूर) : स्पष्ट विचारतो, राग मानू नका. 'हाय नून' लिहिणारा माणूस शेवटी सोन्याच्या डोंगराचे आणि भूकंपाचे चित्रपट काढू लागला. हा उतारच नाही का? 'मॅकेनाज गोल्ड' आम्ही शिट्ट्या वाजवत पाहिला, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे?

उत्तर : राग नाही, पण वाद घालणार आहे.

आधी तुमचं बरोबर ते. 'मॅकेनाज गोल्ड' कागदावर होता तितका पडद्यावर राहिला नाही. जवळजवळ तीन तासांचा, मध्यंतरासह दाखवायचा भव्य चित्रपट असा बेत होता. कंपनीने कापून तो दोन तासांच्या थोडा वर आणला. सांधे जागोजागी दिसतात. अमेरिकेत १९६९ मध्ये तो आपटला. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं मॅटिनीला लागत राहिला.

मीही तो मॅटिनीलाच पाहिला. इंग्रजी कळत होतं ते शाळेतल्या धड्यापुरतं. शेजारी मोठा भाऊ दबक्या आवाजात मराठीत सांगत होता, आणि पुढच्या-मागच्या रांगांतली माणसं त्याचं ऐकायला वाकली होती. मग उगवत्या उन्हात त्या एकाकी सुळक्याची सावली लांबत लांबत निघते आणि समोरच्या कड्यातली वाट दाखवते, ते आलं. भाऊ बोलायचा थांबला. पुढचं कोणालाच सांगावं लागलं नाही. तो सुळका, आरिझोनातला स्पायडर रॉक, आजही चित्रात दिसला की मला त्या टॉकीजमधल्या उकाड्याची आठवण येते. इतक्या अवघड इंग्रजीचा चित्रपट आपल्या गावोगावी चालला, कारण त्याचे मोक्याचे प्रसंग शब्दांवर उभेच नाहीत. हे पटकथाकाराचं काम आहे, आणि सोपं नाही.

आता सांगण्यासारखं काय ते. कोलोरॅडो नावाच्या डाकूच्या टोळीत सोन्याची बातमी फुटते आणि जवळच्या गावची 'सभ्य' मंडळी घोड्यांवर बसून हजर होतात. दुकानदार, धर्मोपदेशक, वर्तमानपत्राचा संपादक. डाकूंना शोभेल अशी हाव, अंगावर मात्र प्रतिष्ठितांचे कपडे. गावाचं नाव हॅडलीबर्ग. 'हाय नून'च्या गावाचं नाव हॅडलीव्हिल. प्रामाणिकपणाचा तोरा मिरवणारं हॅडलीबर्ग सोन्याच्या थैलीपुढे कसं कोलमडतं, ही मार्क ट्वेनची प्रसिद्ध कथा आहे. जवळजवळ सतरा वर्षांच्या अंतराने त्याच लेखकाच्या दोन चित्रपटांत तेच नाव यावं, याला मी योगायोग म्हणणार नाही. 'हाय नून'मध्ये गाव भीतीपोटी घरात बसतं, 'मॅकेनाज गोल्ड'मध्ये हावेपोटी बाहेर पडतं. माणसं तीच आहेत.

आणि त्या मंडळींत नट कोण आहेत? संपादक झालाय ली जे. कॉब. त्याने १९५३ मध्ये समितीपुढे नावं सांगितली होती. दुकानदार बर्जेस मेरेडिथ, ज्याला त्या काळात हॉलिवूडने बरीच वर्षं दूर ठेवलं. सोन्याची दरी पाहिली म्हणून अपाची लोकांनी आंधळा केलेला म्हातारा ॲडम्स म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, ज्याला समितीने पुन्हा पुन्हा बोलावून नमवलं. बोट दाखवणारा आणि ज्यांना सोसावं लागलं ते, सगळे एकाच वाळवंटात, एकाच निर्मात्याच्या पगारावर. फोरमनच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण कॉबला त्याने काम नाकारलं नाही, एवढं पडद्यावर दिसतं. मला त्याबद्दल आदर वाटतो.

शिवाय निर्माता झाल्याशिवाय त्याला दुसरं एक काम करता आलं नसतं. १९६६ च्या 'बॉर्न फ्री'च्या मागे तो होता, एल्सा सिंहिणीचा तो चित्रपट. त्याची पटकथा जेराल्ड कॉप्ली या नावाने आहे. हा कॉप्ली म्हणजे लेस्टर कोल, तुरुंगात गेलेल्या त्या दहा जणांपैकी एक. ज्याचं नाव अजूनही छापता येत नव्हतं, त्याला फोरमनने काम आणि पैसे दिले. स्वतःच्या नावाची वाट बघणाऱ्या माणसाने हे केलं.

उतार कुठे झाला ते माझ्या लेखी १९६३ चा 'द व्हिक्टर्स'. दिग्दर्शक म्हणून त्याचा एकुलता एक चित्रपट. बर्फात एका पळपुट्या सैनिकाला गोळ्या घालतात आणि त्यावर नाताळचं गाणं वाजतं, तो भाग थरकाप उडवतो. बाकी चित्रपट लांबलचक आणि उपदेशी. त्याच्या लेखणीला दुसऱ्याचा कॅमेरा मानवत होता.

प्रश्न (पुणे, चित्रपट शिकणारी विद्यार्थिनी) : फोरमनचं सगळं पाहायला वेळ नाही. पटकथा लिहायला शिकणाऱ्याने त्याचा एकच प्रसंग निवडायचा तर कोणता?

उत्तर : 'हाय नून'मधला चर्चचा.

केन प्रार्थनेच्या मधेच आत येतो आणि माणसं मागतो. काहीजण लगेच उठतात. प्रेक्षकाला वाटतं, झालं. तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, जरा थांबा. पोरांना बाहेर खेळायला पाठवतात आणि चर्चा सुरू होते. पोलिसांचे पगार आम्ही देतो, मग लढायचं आम्ही का? हे भांडण केन आणि मिलरचं खासगी आहे. धर्मोपदेशक म्हणतो, माणसं मारायला मी कोणाला कसं सांगू? शेवटी हेंडरसन उठतो, केनचा जुना स्नेही. केनची तारीफ करतो. याच्याइतका चांगला मार्शल झाला नाही, गावावर त्याचे उपकार आहेत, ही जबाबदारी आपली सगळ्यांची आहे. प्रत्येक वाक्याबरोबर केनच्या चेहऱ्यावर आशा वाढत जाते. आणि त्याच सुरात, आवाज न बदलता, हेंडरसन म्हणतो की गावात गोळीबार झाला तर उत्तरेकडून येणारा पैसा थांबेल, तेव्हा विल, तू आत्ताच निघून जा.

हा प्रसंग आवाज बंद करून एकदा पाहा, मग फक्त ऐका. मग नकार देणाऱ्या प्रत्येकाचं कारण एकेका ओळीत लिहून काढा. चर्चबाहेरचेही घ्या. न्यायाधीश तराजू आणि झेंडा बांधून गाव सोडतो. मदतनीस हार्वीला बढती हवी असते. सॅम फुलर बायकोकडून 'घरी नाहीत' म्हणून सांगवतो. हर्ब बेकर आधी कबूल होतो, आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर मागे फिरतो. यादीतलं एकही कारण दुसऱ्यासारखं नाही आणि एकही अगदीच खोटं नाही.

आणि एक, तू विद्यार्थिनी आहेस म्हणून. १९६७ मध्ये 'मॅकेनाज गोल्ड'चं चित्रीकरण चालू असताना फोरमनने कॅलिफोर्नियातल्या चित्रपट शिकणाऱ्या काही मुलांना तिथे बोलावलं, आणि प्रत्येकाला आपापला छोटा चित्रपट करू दिला. त्यातल्या एका मुलाने नटांकडे पाठ फिरवून वाळवंट, ढग आणि ऊन टिपलं. त्याचं नाव जॉर्ज लुकस, पुढे 'स्टार वॉर्स' करणारा.